साड्यांनी भरलेले कपाट कसे आवरावे: प्रथमच हात घालणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मराठी घरातील कपाट केवळ खरेदीने भरत नाही. लग्नातला शालू, डोहाळजेवणाची हिरवी साडी, मंगळागौरीसाठी घेतलेली नऊवारी, भाऊबीजेच्या ओवाळणीत आलेल्या साड्या, सासूबाईंनी आपल्या हाताने काढून दिलेली इरकल आणि नात्यातल्या लग्नामुंजींत आहेर म्हणून मिळालेल्या, अजून पिशवीतून बाहेरही न निघालेल्या साड्या अशी भर त्यात वर्षानुवर्षे पडत राहते. त्यांच्या शेजारी कुर्ते, न शिवलेले ड्रेसचे कापड, ब्लाऊजपीस आणि निरनिराळ्या मापांचे ब्लाऊज दाटीवाटीने बसलेले असतात. दार उघडावे तर ढीग अंगावर येतो, आणि वापरात मात्र फिरून फिरून त्याच आठ-दहा गोष्टी राहतात.

असे कपाट पहिल्यांदाच आवरायला घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. भर साड्यांवर दिला आहे, कारण त्यांचा निर्णय सर्वांत अवघड जातो. शर्ट, कुर्ते किंवा मुलांचे कपडे यांना हीच पद्धत लागू पडते आणि तिथे काम बरेच लवकर उरकते. ‘वर्षभर वापरले नाही तर काढून टाका’ हा नियम अनेक ठिकाणी सांगितला जातो, परंतु तीन वर्षांतून एकदा नेसली जाणारी पैठणी आणि तीन वर्षांत एकदाही न घातलेला कुर्ता यांना एकच माप लावणे मला योग्य वाटत नाही. प्रत्येक वस्त्र हातात घेऊन ते का वापरले जात नाही हे शोधावे आणि मगच त्याची वाट ठरवावी, अशी या पद्धतीची मांडणी आहे.

आधी दिवस निवडावा

हे काम पावसाळ्यात काढू नये. जून ते सप्टेंबर या काळात, विशेषतः मुंबईत, कोकणात आणि गोव्यात, हवा इतकी दमट असते की उघडलेल्या सुती आणि रेशमी घड्या तो ओलावा शोषून घेतात, आणि तशाच बंद कपाटात परत गेल्या की त्यांवर बुरशीचे डाग धरतात. पाऊस सरल्यानंतरचे ऑक्टोबरमधील कोरडे दिवस सर्वांत चांगले. ते हुकले तर फेब्रुवारीपासून मेपर्यंत केव्हाही हे काम करता येते. दिवाळीच्या साफसफाईत कपाट काढण्याची पद्धत आहे, पण फराळाच्या गडबडीत घेतलेले निर्णय घाईचे ठरतात. दसरा झाला की लगेच सुरुवात करावी, किंवा दिवाळी उरकल्यावर निवांतपणे हात घालावा.

जमिनीवर किंवा पलंगावर धुतलेली चादर अंथरावी. हातातील अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवाव्यात, कारण रेशमाचा धागा त्यांच्या कडांना अडकून ओढला जातो. एक वही, पेन, कागदाच्या चिठ्ठ्या, उसवणी आणि चार रिकाम्या पिशव्या जवळ असाव्यात.

एका वेळी एकच कप्पा, आणि पहिला कप्पा ब्लाऊजचा

संपूर्ण कपाट एकाच दिवशी पलंगावर ओतण्याचा मोह टाळावा. रात्री झोपायला पलंग लागतोच, आणि मग दिवसभर वेगळे केलेले सारे कपडे कोंबून परत आत जातात. एका बैठकीत एक कप्पा, आणि तोही दोन तासांत पूर्ण होईल एवढाच घ्यावा.

सुरुवात शालू किंवा पैठणीच्या कप्प्यापासून करू नये. तिथे आठवणी इतक्या असतात की पहिल्याच साडीवर हात थबकतो. परकर आणि ब्लाऊज यांचा कप्पा आधी काढावा. परकरांचा निर्णय सोपा असतो: नाडीच्या घडीत फाटलेले, आखूड झालेले आणि रंग उडालेले परकर वेगळे करावेत आणि पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा, मोतिया अशा नेहमी लागणाऱ्या रंगांचे धड परकर ठेवावेत. ब्लाऊजचे काम यापेक्षा महत्त्वाचे आहे. प्रत्येक ब्लाऊज हातात घेऊन त्याची साडी कोणती, ती अजून घरात आहे का आणि हा ब्लाऊज आज अंगात बसतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी टाचणीऐवजी कापडाला भोक न पाडणाऱ्या क्लिपने लावावी. हे आधी केले की साड्यांच्या कप्प्याचे निम्मे कोडे सुटलेले असते.

न वापरण्याचे कारण शोधावे

साडी आवडत नाही म्हणून नेसली जात नाही, असे आपण समजतो. कप्पा उघडून एकेक साडी पाहिली तर कारण बहुधा वेगळेच निघते. फॉल लावायचा राहिलेला असतो. पिको केलेले नसते. ब्लाऊज शिवलेला नसतो, किंवा शिवलेला घट्ट झालेला असतो. त्या रंगाचा परकर नसतो. पहिल्या धुण्यात रंग जाईल या भीतीने साडी तशीच राहिलेली असते. साडी इतकी खाली, इतरांच्या ओझ्याखाली दबलेली असते की ती आपल्याकडे आहे हेच विसरायला होते. यांतील प्रत्येक कारणावर उपाय आहे आणि तो बहुतेक वेळा नव्या साडीच्या किमतीच्या मानाने अगदी थोड्या खर्चात होतो. म्हणून साडी ठेवायची की द्यायची हे ठरवण्यापूर्वी वहीत तिच्या नावापुढे कारण लिहावे.

ब्लाऊज घट्ट होत असेल तर तो उलटा करून दोन्ही बाजूंच्या शिवणी पाहाव्यात. चांगल्या शिंप्याने शिवलेल्या ब्लाऊजमध्ये काखेखालच्या शिवणीत एक ते दीड इंच माया, म्हणजे आत सोडलेले जास्तीचे कापड, ठेवलेली असते आणि एकमेकींना समांतर अशा दोन किंवा तीन टिपा मारलेल्या दिसतात. सर्वांत आतल्या बाजूची, म्हणजे अंगाला सर्वांत जवळची, टीप उसवली की बाहेरची टीप आपोआप ब्लाऊजची शिवण होते. दोन्ही बाजूंना मिळून एक-दोन इंचांची सोय त्यातून होते. उसवताना कापड ओढू नये; उसवणीचे टोक दर तिसऱ्या-चौथ्या टाक्याखाली घालून तो टाका तोडावा आणि नंतर दोरा उलट बाजूने ओढून काढावा. सुती ब्लाऊजवर जुन्या टिपेची खूण एका धुण्यात जाते. रेशमी ब्लाऊजवर मात्र सुयांच्या छिद्रांची रेघ राहू शकते, तेव्हा आधी शिवणीचा एक छोटा तुकडाच उसवून पाहावा. माया पुरेशी नसेल, तर सोनेरी, काळा, मरून आणि मोतिया अशा चार रंगांचे नीट बसणारे ब्लाऊज शिवून घ्यावेत. कपाटातील बऱ्याच साड्यांना त्यांतला एखादा चालतो.

ज्या साड्यांचे कारण असे दुरुस्त करण्याजोगे आहे, त्या सर्व एका पिशवीत घालून दुसऱ्याच दिवशी फॉल-पिकोवाल्याकडे किंवा शिंप्याकडे पोचवाव्यात. ही पिशवी घरात थांबली की ती पुन्हा कपाटात जाते. साडी दुरुस्त होऊन आली, समोरच्या बाजूला ठेवली, आणि तरीही पुढच्या दोन सणांत किंवा समारंभांत तिला हात लागला नाही, तर मग ती खरोखर आपली राहिलेली नाही असे समजावे.

काही कारणे दुरुस्त होणारी नसतात. अंगकाठी बदलते, नोकरी सुटते, निवृत्तीनंतर रोज साडी नेसण्याची गरज उरत नाही, गुडघे दुखू लागल्यावर जड कांजीवरम सावरणे जमत नाही. इथे स्वतःशी प्रामाणिक राहावे लागते. किंमत जास्त होती म्हणून ठेवलेल्या साडीचे पैसे ती कपाटात ठेवल्याने परत मिळत नाहीत, उलट रेशीम जुने होत जाते. नेसणारे माणूस शोधून ती तरुण, धड असतानाच देणे चांगले.

आठवणींच्या साड्यांसाठी वेगळी जागा ठरवावी आणि ती जागा आधी मोजून ठेवावी: एक कप्पा, एक पेटी किंवा एक सूटकेस. त्या जागेत जेवढ्या मावतील तेवढ्या साड्या कोणतेही कारण न देता ठेवाव्यात. दिवंगत आईच्या किंवा सासूबाईंच्या साड्यांबाबत घाई करू नये आणि कोणी केलेली घाई ऐकूही नये. मुली, सुना, बहिणी यांना एकत्र बोलावून प्रत्येकीला आवडीची एकेक साडी निवडू द्यावी आणि बाकीच्यांचे नंतर ठरवावे. घरातील दुसऱ्या व्यक्तीचे कपडे तिच्या माघारी काढू नयेत, मग तो नवऱ्याचा लग्नातला सूट असो की परदेशी गेलेल्या मुलीचे माहेरच्या कपाटात राहिलेले ड्रेस असोत. मुलीला फोटो पाठवून किंवा व्हिडिओ कॉल लावून एकेक कपडा दाखवावा आणि तिचे उत्तर वहीत लिहून ठेवावे.

आहेराच्या साड्यांचा हिशेब

आपल्याकडील कपाटांच्या भरतीचे सर्वांत मोठे, आणि सर्वांत कमी बोलले जाणारे, कारण आहेर हे आहे. मानपानाच्या साड्या आल्या की त्या नेसण्यासाठी नसून पुढे देण्यासाठी आहेत हे देणाऱ्यालाही माहीत असते आणि घेणाऱ्यालाही. ओटीत आलेले ब्लाऊजपीस तर अनेक घरे फिरून आलेले असतात. या व्यवहाराला नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण दारी आलेल्या बाईची ओटी भरून तिला पाठवणे ही आपुलकीची रीत आहे. अडचण होते ती या वस्तू आपल्या वापराच्या कपड्यांत मिसळल्यामुळे. काय द्यायचे आहे आणि काय नेसायचे आहे हे कळेनासे होते, आणि ऐन वेळी आहेरासाठी पुन्हा नवी साडी विकत आणली जाते.

त्यामुळे देण्याघेण्याच्या वस्तूंसाठी स्वतंत्र पेटी किंवा कप्पा करावा. त्यातील प्रत्येक साडीवर ती कोणाकडून, कोणत्या निमित्ताने आणि कोणत्या साली आली याची चिठ्ठी लावावी, म्हणजे ती त्याच घरात परत जाण्याचा प्रसंग येत नाही. साडी पुढे देण्यापूर्वी ती पूर्ण उलगडून पाहावी, कारण दुकानातून घडीतच आलेल्या साडीत कधी डाग किंवा विणीतला दोष असतो, आणि तो पाहुण्यांच्या हातात गेल्यावर उघड होणे दोघांनाही अवघड वाटते. ब्लाऊजपीसची लांबीही मोजावी. साधारण ८० सेंटिमीटरपेक्षा कमी कापडात बाह्यांसह ब्लाऊज निघणे कठीण असते, आणि बाजारात केवळ ओटीसाठी म्हणून मिळणारे अनेक पीस त्याहून आखूड आणि विरळ असतात. असे पीस पुढे फिरवत राहण्यापेक्षा ते शिवणकामाच्या अस्तराला, पिशव्यांना किंवा गोधडीला लावावेत, आणि स्वतः ओटी भरताना सुती खण, टॉवेल किंवा वापरता येईल असे पूर्ण मापाचे कापड द्यावे. ही पेटी भरली की नवी साडी त्यात घालण्यापूर्वी जुनी एखादी बाहेर पडली पाहिजे. नातेवाइकांशी मोकळेपणाने बोलता येत असेल, तर आपल्याकडच्या कार्याच्या वेळी साड्यांची देवाणघेवाण थांबवण्याचे सुचवून पाहावे. अनेक घरांना ते मनातून हवेच असते.

कापड ओळखावे आणि तपासावे

जी साडी घराबाहेर जाणार आहे, ती कशाची आहे आणि किती धड आहे हे कळल्याशिवाय तिची योग्य वाट ठरत नाही. साडी खिडकीसमोर धरून घडीच्या रेषा उजेडात पाहाव्यात. जिथे रेशीम विरले आहे तिथे उजेड बारीक रेघेसारखा आरपार दिसतो. मग त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून अगदी हलका ताण द्यावा. धागे सरकले किंवा चर्र असा आवाज आला तर साडी नेसण्याजोगी उरलेली नाही, मात्र तिचे काठ आणि पदर कामाचे असू शकतात. वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवलेल्या रेशमी साड्या अशाच घडीवर विरतात.

कापडाची जात ओळखता येत नसेल तर आतल्या कडेचे दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरावेत आणि स्टीलच्या वाटीवर जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राखाडी राख होते. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राहिलेली काळी गुठळी बोटाने चुरते. पॉलिस्टर वितळते आणि त्याचा टणक मणी होतो. ही तपासणी मुलांपासून दूर, पंखा बंद करून करावी.

जरीतही तीन प्रकार दिसतात. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. त्याखालोखाल तांब्याच्या तारेवर चांदी चढवलेली ‘टेस्टेड’ जर असते. आणि आजच्या बहुतेक स्वस्त साड्यांत प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीची जर असते. पैठणीबाबत आणखी एक खूण आहे. येवल्यात किंवा पैठणला हातमागावर विणलेल्या पैठणीच्या पदराची उलटी बाजू जवळजवळ सुलटीइतकीच स्वच्छ दिसते, तर यंत्रमागावरच्या नकलेत उलट बाजूने सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि हातमागाची एक साडी विणायला कित्येक आठवडे, नक्षी भरगच्च असेल तर काही महिनेही लागतात. अशी साडी अजाणता भांड्यांच्या बदल्यात देऊन टाकली जाऊ नये, म्हणून ही तपासणी.

आणखी एक गोष्ट. जुन्या बायकांना साडीच्या घडीत पैसे ठेवण्याची सवय असे. कोणतीही साडी घराबाहेर जाण्यापूर्वी तिची प्रत्येक घडी उलगडावी, तसेच पर्स, खिसे आणि ब्लाऊजच्या घड्याही पाहाव्यात. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर कित्येक घरांत बाद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा अशाच घड्यांतून उशिरा निघाल्या.

प्रत्येक वस्त्राला योग्य वाट

धड आणि चांगल्या साड्यांसाठी पहिली वाट आपल्याच माणसांची. बहिणी, जावा, नणंदा, मैत्रिणी यांना बोलावून साड्या मांडाव्यात, पण कोणावरही लादू नयेत. ‘घेऊन तर जा’ असे म्हणून दिलेली साडी दुसऱ्या कपाटातली अडगळ होते. घरकामाला येणाऱ्या ताईंना देतानाही त्यांना निवडू द्यावे, साडी धुऊन, इस्त्री करून द्यावी आणि सणाला द्यायच्या बक्षिसाच्या ऐवजी ती देऊ नये. फाटकी किंवा डाग पडलेली वस्तू देणे हा त्यांचा अपमान आहे.

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण अजूनही अनेक शहरांत दारोदार फिरते, आणि तिच्या मागे जुन्या कपड्यांची निवड करणारी, दुरुस्त करणारी आणि फिरून विकणारी मोठी साखळी उभी असते. तिला पँट, शर्ट आणि धड साड्या हव्या असतात, कारण त्या पुन्हा विकल्या जातात. ती प्रत्येक कपडा उलगडून उजेडात पाहते, आणि त्यात काही वावगे नाही. एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस करण्यापेक्षा तिच्या मेहनतीचा मान ठेवून लवकर सौदा करावा.

संस्थांना कपडे देताना आधी फोन करून त्यांना काय हवे आहे हे विचारावे. १९९९ साली दिल्लीत सुरू झालेल्या ‘गूंज’ या संस्थेने वापरलेल्या कपड्यांना ग्रामीण भागातील कामांशी जोडले: गावकरी विहीर, रस्ता, बांध अशी कामे करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे व इतर वस्तू घेतात, तसेच सुती कापडापासून मासिक पाळीसाठी घड्या तयार केल्या जातात. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पूर किंवा भूकंप झाला की घरातील सगळा नको असलेला ढीग ट्रकमध्ये टाकण्याची चूक करू नये. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते, कारण त्या लोकांना ते घालण्याजोगे नव्हते. धुतलेले, बटणे आणि नाड्या शाबूत असलेले, जोडीने बांधलेले कपडेच द्यावेत: साडीसोबत परकर आणि ब्लाऊज, सलवारीसोबत कमीज आणि ओढणी.

विरलेल्या पण मऊ सुती साड्या आणि नऊवारी लुगडी गोधडीसाठी ठेवाव्यात. मध्यम जाडीच्या गोधडीत चार-पाच साड्या सहज जातात. जरीचे काठ टोचतात म्हणून ते आधी कापून काढावेत, विरलेल्या साड्या आतल्या थरांत घालाव्यात आणि त्यातल्या त्यात बळकट साडी वर-खाली लावावी. पॉलिस्टर त्यात मिसळू नये, ते धावदोऱ्यात सरकते आणि उन्हाळ्यात गरम होते. अनेक गावांत आणि शहरांतही गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आहेत, त्यांना काम मिळते आणि घराला पांघरूण मिळते. जुन्या मऊ साडीचे बाळासाठी दुपटे करण्याची रीतही चांगली आहे, पण ती साडी डांबर गोळ्यांत ठेवलेली असेल तर तान्ह्या बाळासाठी वापरू नये. ज्या बाळांना जन्मतः जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असते, त्यांच्या तांबड्या रक्तपेशी या गोळ्यांतील नॅप्थलीनमुळे फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता घरच्यांना बहुधा आधी माहीत नसते.

पूर्ण विरलेल्या खऱ्या जरीच्या साडीचे काठ विकत घेणारे व्यापारी असतात. ते चांदीच्या अंदाजाने भाव सांगतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारून मगच द्यावे. धड साडी मात्र जरीसाठी विकू नये, कारण जर काढण्यासाठी ती जाळली जाते आणि विणकराचे सगळे काम त्यात नाहीसे होते. इरकलीचा पदर, खणाचे तुकडे किंवा पैठणीचा काठ यांपासून नातीचे परकर-पोलके, कुर्त्याची पट्टी किंवा उशीचे अभ्रे होतात. मात्र ‘कधीतरी शिवू’ म्हणून ठेवायच्या तुकड्यांना एका पिशवीची मर्यादा घालावी.

जुन्या सुती टी-शर्टांची आणि परकरांची फडकी करावीत, तीही घरात लागतील तेवढीच. उरलेले, कोणाच्याही उपयोगी न पडणारे कापड कोरडे आणि स्वच्छ करून सुक्या कचऱ्यात वेगळे बांधून द्यावे. नदीत किंवा रस्त्याच्या कडेला कपडे सोडू नयेत.

परत ठेवण्याची पद्धत

रिकामा कप्पा कोरड्या फडक्याने पुसून दिवसभर उघडा ठेवावा. साड्या सावलीत, वाऱ्यावर तासभर मोकळ्या कराव्यात; रेशमाला कडक ऊन दाखवू नये. खळ घातलेली साडी दीर्घ काळासाठी आत ठेवायची असेल तर खळ धुऊन काढूनच ठेवावी, कारण कसर पिष्टावर (स्टार्चवर) जगते आणि खळीच्या कापडाला ती सर्वांत आधी लागते. नेसून आलेली साडी घामाचा ओलावा पूर्ण गेल्याशिवाय घडी करू नये.

रेशमी आणि खऱ्या जरीच्या साड्या धुतलेल्या मांजरपाटात किंवा मलमलीत गुंडाळाव्यात. दुकानातून आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ओलावा कोंडतो आणि जर काळवंडते, म्हणून त्या काढून टाकाव्यात. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, म्हणजे मागच्या वेळी ज्या रेषेवर दुमड होती ती या वेळी मोकळी राहील. भरजरी साडी हँगरवर टांगू नये, तिच्याच वजनाने ताण येऊन वीण ओढली जाते. शिफॉन, जॉर्जेट आणि रोजच्या हलक्या साड्या टांगल्या तरी चालतात. वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुनिंब पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवावा आणि वास गेला की बदलावा. डांबर गोळ्या वापरायच्याच असतील तर त्या कापडाला आणि जरीला लागणार नाहीत अशा बांधाव्यात.

रोजच्या वापराचे कपडे डोळ्यांच्या उंचीवर, सणांचे त्याच्या वर आणि आठवणींचे सर्वांत वर किंवा पेटीत ठेवावेत. ब्लाऊज आणि जमल्यास परकरही साडीच्या घडीतच ठेवावा, म्हणजे सकाळी शोधाशोध होत नाही.

पुढील वर्षभर

कप्प्यातील सर्व साड्या एका बाजूने लावाव्यात आणि नेसून झालेली प्रत्येक साडी दुसऱ्या टोकाला ठेवावी. टांगलेल्या कपड्यांसाठी सर्व हँगर उलट दिशेने अडकवावेत आणि वापरलेला कपडा परत ठेवताना तो हँगर सरळ करावा. पुढचा ऑक्टोबर येईल तेव्हा न हललेली बाजू कोणती आणि उलटे राहिलेले हँगर कोणते हे कोणालाही न विचारता कळते, आणि त्या वेळी तेवढेच कपडे हातात घ्यावे लागतात. भरजरी साड्यांना यातून वगळावे, त्यांच्यासाठी तीन वर्षांची मुदत पुरेशी आहे.

नवी साडी घरात आली की पंधरा दिवसांच्या आत फॉल-पिको आणि ब्लाऊज करून घ्यावा. मापाच्या ब्लाऊजबरोबर शिंप्याला मायाही किती ठेवायची हे सांगावे, आणि आहेर म्हणून आलेली साडी नेसायची नसेल तर त्याच दिवशी चिठ्ठी लावून देण्याघेण्याच्या पेटीत टाकावी.